माळावर वाडी वसवणारे लक्ष्मणराव

मी हुबळीत राहतो आणि शिकायला रोज धारवाडला येतो. वाटेत रायापूर लागते. चिगरी बस तेथे मिनिटभर थांबते आणि खिडकीतून कारखाने, गोदामे, पत्र्याची छपरे, शाळकरी मुलांचे दुपारचे जेवण शिजवणारे अक्षयपात्राचे मोठे स्वयंपाकघर असे सारे दिसते. प्रत्येक आवाराला भिंत आहे, भिंतीला फाटक आहे आणि फाटकाशी वॉचमन आहे. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला मात्र दुसरेच जग आहे. चहाची टपरी, गिरमिट-मिरचीची गाडी, पंक्चरचे दुकान, एखाद्या शेडमध्ये घरघरणारा लेथ. आतल्या जगाचे आणि बाहेरच्या जगाचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न मला बरेच दिवस पडत होता.

त्याला कारणही घरचेच आहे. माझ्या मामांचे लेथचे लहानसे वर्कशॉप आहे. दोन माणसे आणि ते स्वतः. भाड्याची जागा सोडावी लागल्यामुळे गेल्या काही वर्षांत त्यांना ते दोनदा हलवावे लागले. यंत्र हलवले की महिनाभर काम बंद राहते आणि जुनी गिऱ्हाइके दुसरीकडे जातात. कॉलेजात वाणिज्याच्या तासाला औद्योगिक वसाहती आणि बिझनेस पार्क यांच्यावर चर्चा निघाली, तेव्हा आम्ही सर्वांनी रस्ते, वीज, पाणी, करसवलत हीच यादी म्हणून दाखवली. मामांसारख्या माणसाचे त्या यादीत काय होते, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही. मलाही नाही.

पुढे ग्रंथालयात लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचू लागलो आणि या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या आयुष्यात बरेचसे सापडते असे वाटले. यंदाच्या अंकासाठी त्यांचे चरित्र लिहावे असे त्यामुळेच मनात आले.

लक्ष्मणराव आपल्याच मुलखातले. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातल्या मुलाने शास्त्राभ्यास करावा किंवा सरकारी नोकरी धरावी ही त्या काळची रीत. लक्ष्मणचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नव्हते. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढण्याचा आणि यंत्रे उघडून पाहण्याचा. १८८५ साली, सोळाव्या वर्षी, तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. काही रंगांतला फरक त्याच्या डोळ्यांना कळत नव्हता. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता असणार? पण त्याने रंग सोडले तरी रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रे काढण्याचे शास्त्र, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, तो शिकला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागला.

मास्तरकी चालू असतानाच व्यापाराला सुरुवात झाली होती. १८८८ साली बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह किर्लोस्कर बंधू या नावाने सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन धाडीत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकीत. सायकल ही तेव्हा नवलाईची वस्तू होती. ती विकायची तर आधी गिऱ्हाइकाला चालवायला शिकवावे लागे, आणि हे शिकवण्याचे कामही दुकानाकडेच असे. ही गोष्ट बारीक वाटली तरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वस्तू विकायची आणि ती वापरण्याची विद्याही द्यायची, ही लक्ष्मणरावांची पद्धत पुढे शेवटपर्यंत टिकली. आज बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

मुंबईच्या संस्थेत त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते बेळगावास आले. हाताशी भांडवल थोडे, पण यंत्रांचे ज्ञान पक्के. त्यांनी पहिल्यांदा केले ते कडबा कापण्याचे यंत्र. मग नांगर. इंग्लंडहून येणारे लोखंडी नांगर त्यांनी पाहिले होते आणि तसाच, पण आपल्या बैलांना व आपल्या मातीला सोसेल असा नांगर ओतून काढण्याचा त्यांनी ध्यास घेतला. नांगर झाला, पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. या दोन वर्षांत माणसाचा धीर कितीदा सुटला असेल याची कल्पनाच केलेली बरी. तरी त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून हात झटकले नाहीत. ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते तो नवी वस्तू भीत भीतच घेणार, हे त्यांनी ओळखले होते.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागते न लागते तोच दुसरे संकट आले. बेळगाव शहराची वाढ करण्याच्या योजनेत कारखान्याची जागा गेली आणि नगरपालिकेने ती खाली करण्यास सांगितले. शहर वाढले पाहिजे, नवी घरे झाली पाहिजेत, हे खरेच. पण त्या वाढीच्या नकाशात एका लहान कारखानदाराची शेड बसत नव्हती, म्हणून तिला जावे लागले. हा भाग वाचताना मला मामांची आठवण झाली. आज ज्या घराण्याचे नाव घेतले की मोठमोठे कारखाने डोळ्यांसमोर येतात, त्याचा मूळ पुरुष चाळिशीच्या उंबरठ्यावर जागेवाचून अडलेला एक लहान कारखानदार होता. त्या वेळी त्याला दुसरी जागा मिळाली नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

ती जागा मिळाली औंध संस्थानात. लक्ष्मणराव तेव्हा औंधला सभामंडपाच्या बांधकामाचे कंत्राट करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते आणि गुणी माणसाची पारख असलेले राजे होते. त्यांनी लक्ष्मणरावांना कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाने भरलेला माळ आणि जोडीला साप. पण शेजारून रेल्वे जात होती. सदर्न मराठा रेल्वेने घातलेला हा मार्ग. त्या रेल्वेचे मुख्य ठाणे एके काळी आपल्या धारवाडास होते, हे येथे सहज सांगतो. कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा आणायचा, नांगर पाठवायचे, तर रूळ दाराशी असणे हे मोठेच भांडवल होते.

संस्थानिकाने दिले ते एवढेच : जागा, थोडा पैसा आणि निर्धास्तपणा. आजची औद्योगिक विकास मंडळे याच गोष्टी देतात. कर्नाटकाने १९६६ च्या कायद्याने असे मंडळ स्थापन केले, महाराष्ट्राने १९६२ मध्ये. मंडळाने दिलेल्या जागेवर काय उभे राहते हा मात्र पुढचा प्रश्न आहे, आणि लक्ष्मणरावांच्या आयुष्यातला सर्वांत भरीव भाग त्याच प्रश्नाच्या उत्तरात गेला.

१९१० च्या मार्च महिन्यात पंचवीसएक कामगार कुटुंबांसह ते त्या माळावर आले. तीच किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. कारखाना आधी आणि वस्ती मागाहून जमेल तशी, असा विचार तेथे झाला नाही. निवडुंग तोडून भट्टी पेटवायची, त्याच वेळी राहायला घरे, पाण्याची सोय, मुलांना शाळा, टपाल, वाचनालय हेही उभे करायचे, असे धोरण होते. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था रामुअण्णांनी सांभाळली. इंग्लंड-अमेरिकेत कारखानदारांनी वसवलेल्या नगरांविषयी लक्ष्मणरावांच्या वाचनात आले होते. आपल्याकडे जमशेदपूरची उभारणीही नुकतीच सुरू झाली होती. पण टाटांचे भांडवल मोठे होते. येथे मात्र गाठीला दहा हजारांचे कर्ज होते, त्यामुळे जे करायचे ते हातच्या माणसांच्या जोरावर.

ती माणसे कोण होती? शंभुराव जांभेकर यांच्याकडे पुढे कारखान्याची अभियांत्रिकी आली. मंगेशराव रेगे कारकून म्हणून आले आणि मोठ्या जबाबदारीच्या जागेवर पोहोचले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक अभियंते झाले. के. के. कुलकर्णी यांना आधीच्या कोणत्याही कामात यश आले नव्हते, येथे पडेल ती जबाबदारी पेलणारे व्यवस्थापक म्हणून त्यांची ख्याती झाली. यांपैकी कोणाकडेही आजच्या जाहिरातीत मागतात तसली पात्रता नव्हती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही वाडीत जागा होती. लोक ज्यांच्याकडे संशयाने पाहत, त्यांच्यावर रात्रीची राखण सोपवली गेली आणि त्यांनी ती चोख केली. निरुपयोगी माणूस असा नसतोच, त्याला त्याचे काम सापडलेले नसते, अशा समजुतीने लक्ष्मणराव वागत. अस्पृश्यता वाडीत चालणार नाही हा नियम त्यांनी घातला. त्या काळी खेडोपाडी पाणवठे वेगळे असताना हा नियम पाळणे केवढे अवघड असेल!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशा वसाहतीचा भोवतालच्या लहान माणसाला उपयोग काय झाला?

पहिला उपयोग नोकरीचा. तो उघड आहे. दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे, पण पटकन दिसत नाही. तो त्या कारखान्यात काय बनत होते यात आहे. नांगर, कडबा कापण्याचे यंत्र, उसाचा चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप, आणि १९२० नंतरच्या दशकात केंद्रोत्सारी पंप. ही यादी नीट पाहावी. यांतली प्रत्येक वस्तू लहान माणसाच्या हातात गेली की त्याचा धंदा वाढवणारी आहे. चरक घेतला की शेतकरी गुऱ्हाळवाला होतो. शेंगा फोडायचे यंत्र घेतले की गावातला एखादा माणूस इतरांच्या शेंगा मजुरीने फोडून देतो. पुढे डिझेल इंजिने निघाली, तेव्हा त्यांच्यावर विहिरींचे पंप चालले, तशा वीज न पोचलेल्या गावी पिठाच्या गिरण्याही चालल्या. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारा माल असा गावोगावी लहान धंद्यांच्या रूपाने रुजला. भिंत होती, पण भिंतीपलीकडच्या माणसाच्या गरजेवरच आतले काम चालले होते.

तिसरा उपयोग विद्येचा. ओतकाम, साचे, लेथ, जुळणी यांत तयार झालेला कारागीर वाडीतच जन्म काढील असे नाही. हातातली कला घेऊन तो कोठेही जाऊ शकतो. आपल्या हुबळीत रेल्वेचे वर्कशॉप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाले. लोखंडी कामाची अशी शाळा गावात असली म्हणजे गावाच्या हाताला वळण लागते. पुढे गोकुळ रोडवर किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना उभा राहिला आणि व्हॉल्व्ह तयार करण्यात हुबळीचे नाव झाले.

१९२० हे वर्ष वाडीच्या इतिहासात महत्त्वाचे. त्या वर्षी किर्लोस्कर बंधू ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केली. प्रारंभी कारखान्याची वार्ता देणारे हे पत्र पुढे किर्लोस्कर मासिक बनले आणि त्याला स्त्री (१९३०) व मनोहर (१९३४) ही भावंडे मिळाली. निवडुंगाच्या माळावर नांगराच्या भट्टीशेजारी छापखाना चालत होता आणि त्यातून निघालेले अंक घरोघर नवे विचार नेत होते. मराठी वाचणाऱ्या दोन पिढ्या या मासिकांवर वाढल्या.

बाळासाहेबांचा हा प्रयोग एकटा राहिला नाही. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा काचेचा कारखाना निघाला आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घराघरात लागला. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकून १९२६ मध्ये परतले आणि त्यांच्या पिढीने उद्योग दूरवर नेला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात तुंगभद्रेकाठी हरिहर येथे लेथ बनवण्याचा कारखाना आणि १९४६ मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा व बंगळुरात विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. बेळगावने हलवलेली शेड अशी कन्नड मुलखात पुन्हा परत आली.

हे सारे सुखाचेच झाले असे लिहिले तर ते चरित्र होणार नाही, गौरवपत्र होईल. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतरच्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांची जाळपोळ झाली, तीत किर्लोस्करवाडीही सापडली. अडतीस वर्षे जपलेल्या वाडीत आग लागली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. या घटनेचा विचार करताना मी बराच वेळ अडलो. ज्या वाडीने पंक्तिभेद मोडला, भोवतालच्यांना काम दिले, तिच्यावर हे का यावे? त्या आगीची कारणे वाडीहून फार मोठी होती आणि फार जुनी होती. कोणताही कारखाना एकट्याने ती पुसू शकत नाही. पण आतले घर नीटनेटके आणि बाहेरची वस्ती जुन्याच दैन्यात, हे अंतर राहिले तर चांगल्या वसाहतीकडेही परकी म्हणून पाहिले जाऊ शकते, एवढी शंका मनात येते. वाडी मात्र सोडून दिली गेली नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. किर्लोस्करवाडीतून आजही पंप बाहेर पडतात.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात निवर्तले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. हरिहरचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. ओगल्यांचा काचकारखानाही त्याआधीच थंडावला होता. सारे गाव एकाच भोंग्यावर उठत-बसत असेल, तर तो भोंगा थांबल्यावर किराणा दुकानापासून शिंप्यापर्यंत सर्वांची चूल मंदावते. म्हणून मोठ्या कारखान्याशेजारी अनेक लहान धंदे स्वतःच्या पायांवर उभे असणे हीच गावाची खरी विमा-पॉलिसी. लक्ष्मणरावांच्या काळात संस्थानिकाची कृपा आणि मालकाची सद्बुद्धी यांवर जे अवलंबून होते, त्याला आज थोडे कायद्याचे बळ आहे. लघुउद्योगाचा माल वा काम गिऱ्हाइकाने स्वीकारले की जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळावेत असे २००६ चा कायदा सांगतो. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी आपल्या खरेदीचा चौथा हिस्सा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावा असे धोरण आहे. ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावेत, त्यातही भोवतालच्या परिसराला अग्रक्रम द्यावा, असे २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे.

कायदा कागदावरचा. त्याला जीव आणायचा तर आखणी करतानाच लहान माणूस डोळ्यांपुढे हवा. रायापूरसारख्या वसाहतीत मोठ्या भूखंडांबरोबर परवडणाऱ्या भाड्याचे लहान गाळे असावेत, आणि ते दहा-पंधरा वर्षांच्या कराराने मिळावेत, म्हणजे यंत्र पुन्हा पुन्हा हलवावे लागणार नाही. आतल्या कारखान्यांनी बाहेर देण्याजोगे जॉब आधी शेजारच्या वर्कशॉपला दाखवावेत. आयटीआयच्या मुलांना शॉप-फ्लोअरवर शिकू द्यावे. टपरीवाल्याला आणि गिरमिटवाल्या बाईला अतिक्रमण म्हणून उठवण्याऐवजी पाणी, नळ आणि छप्पर असलेली जागा नकाशातच राखावी. यांत फार खर्चाचे काही नाही. माझ्या हिशेबाने एका कमानीच्या आणि कारंज्याच्या पैशांत बरेच भागेल.

या सत्रात मी मामांच्या वर्कशॉपवर दोन-तीनदा जाऊन बसलो. ते पंपाचा एक शाफ्ट चरकावर लावून घासत होते, घासता घासता मापाची कॅलिपर मला धरायला दिली आणि कशी धरायची ते दाखवले. लक्ष्मणरावांचे नाव त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्यांच्या गावच्या विहिरीवर किर्लोस्करचे इंजिन होते आणि ते दुरुस्त करता करताच ते या धंद्यात पडले होते. मी ग्रंथालयात महिनाभर जे शोधत होतो, ते मामांच्या हातात आधीपासूनच होते.